मी सभागृहात नव्हते

“अहो, जरा तुम्हीच बघता का? तुमच्या हाताला सवय आहे.”

नगराध्यक्ष हे माईकवर बोलले. माईक चालू होता. समोर वीस-बावीस नगरसेवक, खातेप्रमुख, मागच्या रांगेत दोन पत्रकार आणि सफाईचा ठेका घ्यायला आलेली माणसं. सगळ्यांनी ऐकलं.

सभागृहामागचा संडास तुंबला होता. काळं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं आणि वास आत येत होता. सफाईच्या बायका सगळ्या वॉर्डात गेल्यात, यायला तास लागेल, असं शिपाई नगराध्यक्षांच्या कानात सांगून गेला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. मी त्यांच्या डाव्या हाताला, छोट्या टेबलाशी बसले होते. पुढ्यात इतिवृत्ताची वही. मी सभा लिपिक. सभेत कोण काय बोललं, कोणता ठराव कसा मंजूर झाला, ते लिहून घ्यायचं हे माझं काम.

मी म्हटलं, “सर, मी इतिवृत्त घेतेय.”

“इतिवृत्त काय, मागाहूनही लिहिता येतं. पाणी थांबत नाही.”

कुणीतरी हसलं. सगळे नाही हसले. जे हसले नाहीत ते विषयपत्रिकेत डोकं घालून बसले. मुख्याधिकारी साहेब माझ्या अगदी समोर होते. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

मी पेनाला टोपण लावलं. वही मिटली. आणि गेले.

हेच मला सांगायचं आहे. मी गेले. कुणी हात धरून नेलं नाही. दहा वर्षं लिपिकाच्या खुर्चीत बसलेली बाई एका वाक्यावर उठली आणि गेली.

आमची नगरपरिषद पुण्याला अगदी चिकटून आहे. नाव सांगत नाही. पूर्वी गाव होतं, मग सोसायट्या आल्या, मग स्वागत कमान आली. गाव होतं तेव्हापासून माझी आई तिथले रस्ते झाडायची. तिची पाठ गेली आणि तिच्या जागी वारसा हक्काने मला घेतलं. मी बी.ए. होते. मराठी विषय घेऊन. तरी चार वर्षं झाडू मारला. सकाळी हिंजवडीकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बस माझ्या अंगावरून धूळ उडवत जायच्या. आत माझ्याच वयाच्या मुली, गळ्यात पट्टे, कानात वायरी. मी तोंडाला ओढणी बांधायचे. धुळीसाठी बांधते असं सांगायचे. कॉलेजातल्या कुणी ओळखू नये म्हणून बांधायचे.

मग खात्याची परीक्षा दिली. पास झाले. लिपिक झाले. अक्षर चांगलं म्हणून सभेच्या टेबलावर बसवलं. लग्नानंतर कसबा पेठेत राहायला आले, दोन बस बदलून कामाला जायला लागले. नवरा बुधवार पेठेत रेडिओ-टीव्हीच्या दुकानात दुरुस्तीचं काम करतो. आई आमच्याकडेच असते. मला वाटायचं, सुटलो आम्ही. आडनाव ऐकून लोकांना जे कळायचं ते कळतं, पण तोंडावर कुणी बोलत नाही. पुण्यात तोंडावर बोलतच नाहीत. “तुमचं मराठी बरंच शुद्ध आहे हो,” म्हणतात. ते कौतुक नसतं हे कळायलासुद्धा मला काही वर्षं लागली.

संडासात मी साडी वर खोचली. मागच्या भिंतीशी वेताची पट्टी पडली होती. हातमोजे कुठेच नव्हते. पट्टीने काही होईना, तेव्हा हात घातला. कोपरापर्यंत. कुणीतरी नॅपकिन टाकला होता, तो अडकला होता. ओढून काढला. पाणी गळगळत खाली गेलं. मग बादल्या ओतल्या, फरशी धुतली, उंबरा धुतला. साबण नव्हता. नुसत्या पाण्याने हात धुतले, पुन्हा धुतले. भिंतीपलीकडून माईकवरचं बोलणं येत होतं, पण शब्द लागत नव्हते. एकदा एका बाईचा आवाज चढलेला ऐकू आला. मग बाक वाजले.

परत आले तेव्हा चहा फिरत होता. मी खुर्चीत बसले. माझ्या बाजूला बांधकाम समितीचे सभापती होते, त्यांनी खुर्ची थोडी पलीकडे सरकवली. फार नाही. वीतभर. शिपायाने माझ्यापुढे कप ठेवला. मी घेतला नाही. त्या हाताने कप उचलायची मलाच लाज वाटली. ती लाज माझी नव्हती हे तेव्हा कळलं नाही.

वहीत विषय क्रमांक आठपर्यंत लिहिलेलं होतं. कमानीचं सुशोभीकरण. सभा अकरावर पोचली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी एक चिठ्ठी पाठवली. “विषय क्र. ९, सफाई कामगारांची पदे रद्द करून काम ठेक्याने देणे. एकमताने मंजूर. विषय क्र. १०, रस्ते. एकमताने मंजूर.” मी चिठ्ठी समोर ठेवली आणि उतरवून काढलं. सुवाच्य अक्षरात. सूचक, अनुमोदक, एकमताने मंजूर. खाली माझ्या पदाचा शिक्का मारला. रोजचं काम होतं.

नऊ नंबरचा विषय म्हणजे काय, ते मला माहीत होतं. आमच्याकडे चौदा बायका रोजंदारीवर झाडत होत्या. कुणी बारा वर्षं, कुणी अठरा. कायम करू, कायम करू असं ऐकत म्हाताऱ्या व्हायला आलेल्या. त्यांना कायम करायचं तर मंजूर पदं लागतात. पदंच रद्द केली की प्रश्न मिटला. त्यातली तारामावशी माझ्या आईच्या जोडीची. मी झाडू मारायला लागले तेव्हा पहिल्या दिवशी तिनेच मला शिकवलं होतं, वाऱ्याकडे तोंड करून झाडायचं नाही म्हणून.

हे सगळं माहीत असून मी लिहिलं.

संध्याकाळी नजमाताई आल्या. नगरसेविका. त्यांच्या सासऱ्यांपासून गावात बांगड्यांचं दुकान, सगळ्या जातींच्या बायका त्यांच्याकडे हात पुढे करून बसलेल्या. म्हणून निवडून आल्या. सभागृहात फार बोलत नसत. टेबलाशी उभ्या राहून म्हणाल्या, “नऊ नंबरला माझा विरोध लिहिलात ना?”

मला पलीकडून ऐकू आलेला तो चढलेला आवाज आठवला.

“हो ताई,” मी म्हटलं. “लिहिते.”

“लिहिते की लिहिलात?”

मी वहीवर हात ठेवला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “काल तुम्हाला बाहेर पाठवलं तेव्हा मी उठायला हवं होतं. उठले नाही. माझं चुकलं.” आणि गेल्या.

मी तरीही काही बदललं नाही. खरं सांगते.

चार दिवसांनी तारामावशी फाटकाशी भेटली. हजेरी शेडवर नोटीस लागली होती. तिला वाचता येत नाही, मुकादमाने वाचून दाखवली होती. तिच्याबरोबर आणखी दोघी होत्या, झाडू भिंतीला टेकवून उभ्या. मावशी भांडायला आली नव्हती. नुसतं विचारायला आली होती.

“पोरी, तू तिथंच व्हतीस ना?”

“नव्हते, मावशी.”

“आसं कसं? तू तर लिव्हायला असतीस.”

“संडास तुंबला होता. अध्यक्षांनी काढायला सांगितला. मी तिकडे होते.”

बाकीच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग मावशीने फार हळू विचारलं, “मंग समद्यांनी हो म्हटलं, हे कुनी लिव्हलं?”

“मी.”

तिने पदराने तोंड पुसलं, झाडू उचलला आणि निघाली. त्या दिवसापासून तिने मला पोरी म्हटलेलं नाही.

बसमध्ये मला बसायला जागा मिळाली होती, तरी मी उभी राहिले. घरी आले. आई भाजी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. संडासाचं आधी सांगितलं. वाटलं, ती रडेल. मला जवळ घेईल. नगराध्यक्षाला शिव्या घालेल.

ती म्हणाली, “हात घातलास?”

“हो.”

“मीपण घालायची. नाही म्हणायची सोय नव्हती. घरी तुम्ही तिघं होतात.” तिने देठं बाजूला केली. “आणि सही कुठं करायची ते मुकादम बोट ठेवून सांगायचा, तिथं मी अंगठा उठवायची. काय लिहिलंय मला काय माहीत. तुला तर वाचता येतं.”

एवढंच. पुन्हा भाजीकडे वळली.

मी आतल्या खोलीत जाऊन बसले. मला माझ्या आईचा राग आला. मग त्या चष्मा पुसणाऱ्या साहेबांचा आला. मग त्या वीतभर सरकलेल्या खुर्चीचा. असा एकेक करत राग यायला लागला, इतक्या वर्षांचा साचलेला. शाळेत फळा पुसायला मला नेहमी का सांगायचे, तो. लिपिक झाले त्या दिवशी कुणी पेढा का खाल्ला नाही, तो. आणि सगळ्यात शेवटी माझा स्वतःचा आला. त्यांनी मला बाहेर काढलं होतं. पण आत काय झालं हे लिहून देणारा हात माझा होता. मी तिथे हजर होते, असं जगाला सांगणारी मी.

दुसऱ्या दिवशी वही उघडली. ते पान फाडलं नाही. फाडणं हा गुन्हा आहे आणि मला गुन्हा करायचा नव्हता. विषय नऊ आणि दहावर एक आडवी रेघ मारली, बाजूला सही केली, तारीख घातली. खाली लिहिलं:

“विषय क्र. ९ व १० चर्चेस आले त्या वेळी सभा लिपिक सभागृहात नव्हती. मा. अध्यक्षांच्या सांगण्यावरून ती सभागृहामागील संडास साफ करत होती. या विषयांची नोंद तिने प्रत्यक्ष ऐकून केलेली नाही. सदस्या नजमाताई यांनी विषय क्र. ९ ला विरोध केल्याचे त्यांनी नंतर कळवले आहे.”

तासाभरात साहेबांनी बोलावलं. वही त्यांच्यासमोर उघडी होती.

“हे काय आहे, मॅडम?”

“घडलं ते आहे.”

“आपण इतिवृत्त लिहितो. आत्मचरित्र नाही.”

मी उभी होते. बसा म्हणाले नाहीत. साहेब तरुण आहेत, परीक्षा देऊन आलेले, वाईट माणूस म्हणता येणार नाही. त्यांनी दार लावून घेतलं. आवाज मऊ केला.

“असं करू. नजमाताईंचा विरोध आपण नोंदवू. तो नोंदवायलाच हवा, तुमचं बरोबर आहे. एकमताने ऐवजी बहुमताने करू. त्या बायकांनाही पुढे काही करायचं असेल तर उपयोग होईल. फक्त ते संडासाचं वाक्य काढून टाका. अध्यक्षांची शोभा होते, ऑफिसची होते, आणि तुमचीही होते. तुमच्या चांगल्यासाठी सांगतोय.”

खोटं का बोलू, मला मोह झाला. बायकांचं काम होत होतं. मावशीपुढे जाऊन सांगता आलं असतं. आणि वाक्य काय, एकच वाक्य. ते वाचून चार लोक माझ्याकडे पाहून काय मनात आणतील ते मला आधीच माहीत होतं. मलाच ते वाक्य नको होतं.

मी एक दिवस मागितला. जाता-येता दोन्ही बसमध्ये तोच विचार केला. वाक्य काढलं की काय उरतं? उरतं हे, की मी खुर्चीत बसून होते, सगळं ऐकलं, सगळं लिहिलं. म्हणजे त्यांनी मला उठवलंच नाही. म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा उठवता येईल. शोभा म्हणतात ती कुणाची? त्या वाक्यात मी काय वाईट केलं होतं? तुंबलेला संडास साफ केला होता. वाईट करणारा माईकपुढे बसला होता.

सकाळी जाऊन सांगितलं, “वाक्य राहील.”

साहेबांनी चष्मा काढला. “मग मला दुसरी व्यवस्था करावी लागेल.”

त्यांनी केली. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचं असतं. सभेच्या दिवशी माझ्या टेबलावर टाईप केलेले कागद होते. माझी जुनी वही नव्हती, एक नवी कोरी ठेवली होती. साहेबांनी हळूच सांगितलं, “फक्त वाचायचंय.” विषय क्रमांक नऊ, एकमताने मंजूर. बहुमतही गेलं होतं.

मी माईकपुढे उभी राहिले. एक ते आठ वाचले. नीट, सावकाश. नंतर थांबले.

“पुढचं मला वाचता येणार नाही,” मी म्हटलं.

नगराध्यक्षांनी पाहिलं. “का हो? अक्षर लागत नाही का? टाईप केलंय.”

हशा पिकला. या वेळी बरेच जण हसले.

“अक्षर लागतं. पण या वेळी मी सभागृहात नव्हते. आपण मला संडास काढायला पाठवलं होतं. याच माईकवरून. मी जे ऐकलं नाही ते मी वहीत खोडलंय, आणि माझं म्हणून वाचणारही नाही.”

हसू एकदम बंद झालं. मला माझा आवाज भिंतीवरून परत येताना ऐकू आला.

“आपण लिपिक आहात,” नगराध्यक्ष म्हणाले. आवाज जराही चढला नाही. “सभागृहात लिपिक बोलत नाहीत.”

“मग वाचायलाही सांगू नका.”

“खाली बसा.”

मी बसले. तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नजमाताई उभ्या होत्या. “नऊ नंबरच्या ठरावाला मी विरोध केला होता. आजही करते. आणि या बाईंना बाहेर पाठवलं तेव्हा मी इथेच होते, मी पाहिलंय. दोन्ही लिहून घ्या.”

मी पेन उचललं. लिहायला लागले.

“कुणी सांगितलं लिहायला?” नगराध्यक्ष म्हणाले.

“सदस्यांनी,” मी म्हटलं आणि लिहीत राहिले. शेवटच्या शब्दापर्यंत.

यानंतर सगळं पालटलं असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. त्याच सभेत तोच ठराव पुन्हा मांडला गेला. हात वर झाले. विरोधात एक. मंजूर. तारामावशी आता ठेकेदाराकडे आहे. त्याच गल्ल्या, तोच झाडू, वर नारिंगी जाकीट. आजारपणाची रजा नाही. नोटीस माझ्याही नावाने आली, सभागृहाचा अवमान केल्याबद्दल कारणे दाखवा म्हणून. मी कारणं दाखवली. चार पानं, स्वतःच्या अक्षरात. मग बदली झाली. आता मी कचरा डेपोवर पत्र्याच्या खोलीत बसते. गाड्या किती आल्या, किती रिकाम्या झाल्या, ते लिहिते. उन्हाळ्यात पत्रा तापला की वही हाताला चटका देते.

बायकांनी त्या दुसऱ्या सभेच्या, माझ्या हातच्या इतिवृत्ताची नक्कल काढली आणि कामगार न्यायालयात दाद मागितली. नजमाताईंनी वकील बघून दिला. मी मावशीला जाऊन सांगितलं, साक्षीला येते. ती जाकिटाच्या बटणाशी चाळा करत होती. म्हणाली, “लिव्हून काय झालं बाई? काम तर गेलंच.”

तरी मी तिच्याकडून न्यायालयाची तारीख विचारून घेतली.

गेल्या आठवड्यात साहेब डेपोवर आले. नाकाला रुमाल होता. दोन ओळींचा टाईप केलेला कागद आणला होता. गैरसमजातून घडलेल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, असा. सही केली की सोमवारी पुन्हा ऑफिसात, सभेचं टेबल नाही पण पंख्याखाली. आणि साक्षीचं काही मनात असेल तर विचार करा, म्हणाले. मुलं आहेत तुम्हाला.

“आहेत,” मी म्हटलं. “दोघंही शाळेत जातात.”

कागद त्यांच्या हातात परत दिला. ते म्हणाले, घाई नको, ठेवा जवळ. मी म्हटलं, नको, इथे कागद उडतात.

मला निवृत्तीला अजून सतरा वर्षं आहेत. राजीनामा मी देणार नाही. माफी लिहिणार नाही. साक्षीला जाणार आहे, रजेच्या अर्जावर कारण लिहून जाणार आहे. नगराध्यक्ष बदलतील, साहेब बदलतील, मला अजून लांब कुठेतरी टाकतील. टाकू देत. जिथे टाकतील तिथे नोंदवही असणारच, आणि तिच्यात मी पाहिलं तेवढंच जाईल. पाहिलं ते सगळं जाईल.